पद नसताना तो काय करत होता?

महापालिकेची निवडणूक झाल्यापासून या सदराकडं आलेल्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे : निवडून आलेल्या माणसाची पार्श्वभूमी काय आणि त्याची समाजसेवा खरी किती. २०१० ते २०१५ या काळात मी कोल्हापूर महापालिकेत नगरसेविका होते, नदीकाठच्या एका पेठेतून निवडून आले होते. म्हणून संपादकांनी ही पत्रं माझ्याकडं सोपवली. पत्रं लांब होती, मुद्दा तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : ताई, मी राजारामपुरीत राहतो, कॉलेजला आहे. यंदा पहिल्यांदाच मतदान केलं. प्रत्येक उमेदवाराच्या पत्रकावर ‘समाजसेवक’ छापलेलं होतं. मी अंदाजानं मत दिलं, पण आता निवडून आलेला माणूस आधी काय करत होता हे शोधायचं आहे. कुठं बघू?

मत देऊन झाल्यावरही तू चौकशी सोडली नाहीस, याचा मला मनापासून आनंद झाला. आधी शपथपत्र काढ. शिक्षण, मालमत्ता, कर्ज आणि दाखल असलेले गुन्हे हे सगळं उमेदवाराला अर्जासोबत लिहून द्यावं लागतं. हे जाणून घेणं मतदाराचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये सांगितलं, त्यातून ही पद्धत आली. गुन्ह्यांचा रकाना वाचताना कलम बघ. खंडणीचा गुन्हा आणि आंदोलनात रस्ता अडवल्याचा गुन्हा एका मापानं मोजू नको. आपल्याकडं टोलविरोधी आंदोलनात साध्यासुध्या माणसांनी अंगावर केसेस घेतल्या. २०१५ च्या अखेरीस टोल गेला तो त्यांच्यामुळंच. तसा गुन्हा मी तरी त्या माणसाच्या जमेच्या बाजूला धरते.

शपथपत्रात समाजसेवेचा रकाना नसतो. ती गल्लीत विचारावी लागते, आणि ती मंडळाच्या कार्यकर्त्यांना विचारून उपयोग नाही. भागात पाणी सोडणारा चावीवाला, सफाईचा मुकादम, अंगणवाडीच्या सेविका, महापालिकेच्या शाळेचे मुख्याध्यापक यांना गाठ. त्यांना एवढंच विचार, “हा माणूस निवडणुकीच्या आधी तुमच्याकडं कधी आला होता का? कशासाठी?” चावीवाल्यानं जर सांगितलं की, “दर उन्हाळ्यात शेवटच्या गल्लीला पाणी चढत नाही म्हणून पहाटे पाच वाजता माझ्यासोबत व्हॉल्व्हवर येऊन उभा राहायचा,” तर त्या माणसाबद्दल आणखी काही विचारायची गरज नाही.

कोल्हापूरकरांना यंदा तपासणीची एक मोठी संधी मिळाली होती. नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत महापालिकेवर प्रशासक होते. पाच वर्षांहून जास्त काळ शहरात एकही नगरसेवक नव्हता. आधारवरचा पत्ता बदलायला नगरसेवकाच्या सहीचा ठरावीक नमुना चालतो. त्या काळात भाड्याच्या खोलीत राहणारी माणसं सहीसाठी अधिकारी शोधत फिरायची. गटार तुंबलं तर कुणाला फोन करायचा हेच कळत नव्हतं. अशा वेळी अंगावर पद नसताना, लेटरहेड नसताना कोण विभागीय कार्यालयाच्या पायऱ्या चढत होतं? तुझ्या भागातल्या चार म्हाताऱ्या माणसांना विचार. नाव लगेच सांगतील, किंवा कुणीच नव्हतं म्हणून सांगतील. दोन्ही उत्तरं वहीत लिहून ठेव.

प्रश्न : मी लक्षतीर्थ वसाहतीत राहणारा निवृत्त कामगार. आमच्या बोळातलं ड्रेनेज सारखं तुंबतं. मतं मागताना “सगळं करतो” म्हणणारे आता “ते आयुक्तांच्या हातात आहे” म्हणतात. खरं काय?

काका, कायद्यानं बघितलं तर त्यांचं दुसरं वाक्य खरं आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ चा आहे आणि त्यात अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडं आहेत. नगरसेवक कुठल्याही कर्मचाऱ्याला हुकूम सोडू शकत नाही. पण तेवढं सांगून सुटका करून घेणं मला मान्य नाही. अंदाजपत्रक सभागृह मंजूर करतं. खर्चाच्या मोठ्या कामांवर स्थायी समिती बसते, तिच्यात सोळा सदस्य असतात आणि दरवर्षी त्यातले निम्मे निवृत्त होतात. सभेत प्रश्न विचारता येतो, ठराव मांडता येतो, कागद मागता येतो. एवढं हातात असताना बोळातलं ड्रेनेज होत नसेल तर पाठपुरावा कमी पडतोय.

तुम्ही असं करा. अर्ज लेखी द्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. आपल्याकडं गांधी मैदान, छत्रपती शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट अशी चार विभागीय कार्यालयं आहेत. तुमचा भाग ज्यात येतो तिथंच तो द्या. मग नगरसेवकाला तो क्रमांक दाखवून विचारा : लाईन साफ करायची आहे की बदलायची आहे? बदलायची असेल तर मापं घेतली का? इस्टिमेट झालं का? यंदाच्या बजेटला काम धरलं का? या प्रश्नांची उत्तरं ज्याला तोंडपाठ आहेत तो काम करतोय. ज्याला पवडीचं, म्हणजे रस्ते-बांधकाम विभागाचं, काम कुठलं आणि ड्रेनेज विभागाचं कुठलं हेच सांगता येत नाही, त्याला तुम्हीच शिकवा. चिडू नका, पण सोडूही नका.

एक गोष्ट लोकांच्या बाजूनंही सांभाळायला हवी. आमच्या पेठेतल्या एका गल्लीत लोकांना दिवाळीआधी डांबर हवं होतं. खालची पाईप जुनी, गळकी. मी अडून बसले की आधी ड्रेनेज, मग पाण्याची लाईन, आणि डांबर सगळ्यात शेवटी. त्या दिवाळीला गल्लीत चिखल होता आणि बायका माझ्याशी बोलत नव्हत्या. पण तो रस्ता नंतर पुन्हा उकरावा लागला नाही. उद्‌घाटनाचा नारळ फुटतो तो डांबरावर. जमिनीखालच्या पाईपवर कुणी फोडत नाही, म्हणून त्या कामाचा हट्ट धरणारा माणूस ओळखून जपावा लागतो.

प्रश्न : ताई, मी शाहूपुरीतली गृहिणी. २०१९ आणि २०२१ ला आमच्या घरात पाणी होतं. मदत वाटायला खूप जण आले, फोटो काढून गेले. तुम्ही तेव्हा नगरसेविका नव्हता, तरी तुमच्या भागात राबलात असं मैत्रीण सांगते. महापुरात खरी सेवा कशाला म्हणायचं?

तुमच्या पत्रात ओल्या गादीचा वास आहे हो. वाचताना मला सगळं परत दिसलं.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं, २०२१ च्या जुलैत ५६ फूट ३ इंचांवर. सुतारवाड्यात पाणी सगळ्यात आधी शिरतं, तिथली कुटुंबं दसरा चौकातल्या चित्रदुर्ग मठात हलवतात, हे दर पावसाळ्याचं आहे. ज्या भागात सवय आहे तिथली माणसं ट्रंका बांधून तयार असतात. हाल होतात ते “आमच्याकडं कधी येत नाही” म्हणणाऱ्यांचे. म्हणून पहिली सेवा पाणी ३९ फुटांवर असतानाच करायची असते. मी नगरसेविका असताना एक वही घातली होती, ती पुढंही चालू ठेवली. कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुणाला दिवस गेलेत, कुणाला डायलिसिसला जावं लागतं, कुणाकडं म्हैस आहे, वरचा मजला कुणाचा रिकामा आहे. रात्री अकरा वाजता बोट येते तेव्हा असल्या गोष्टी विचारत बसायला वेळ नसतो. आमच्या बोळातल्या एका आजींना खुर्चीसकट उचलून बाहेर काढलं, कारण त्यांचं नाव वहीत पहिलं होतं आणि तालमीतल्या पोरांना ते माहीत होतं. पाणी तेव्हा उंबऱ्यालाही लागलं नव्हतं. आजी रागावल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीत छातीएवढं पाणी होतं.

दुसरी गोष्ट पिण्याच्या पाण्याची. सगळं शहर पाण्यात आणि नळ कोरडे, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. शिंगणापूर, बालिंगा, नागदेववाडीची उपसा केंद्रं नदीकाठाला. त्या दोन्ही वर्षी तीच बुडाली आणि शहराचं पाणी बंद झालं. मग टँकर. टँकर बोळात शिरत नाही, तोंडाशी उभा राहतो, आणि तोंडाशी राहणारे आधी भरून घेतात. आतल्या शेवटच्या घरातली म्हातारी घागर घेऊन येईपर्यंत टँकर संपलेला. आम्ही उलटं केलं. आतल्या शेवटच्या घरापासून नंबर लावले, पोरांची साखळी उभी केली, आतली भांडी आधी बाहेर आणून ठेवली आणि मगच नळी सोडली. बोळाच्या तोंडावरचे भांडले. मी त्यांच्या समोर उभी राहिले. पाचशे लाडू वाटण्यापेक्षा ही एक रांग नीट लावणं जास्त अवघड असतं आणि तिचा कुणी फोटो काढत नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती पाणी ओसरल्यावरची. मदतीचे ट्रक निघून जातात तेव्हा पंचनामे सुरू होतात. २०१९ ला शहरी भागात कुटुंबामागं १५,००० रुपये सानुग्रह अनुदान होतं. आमच्या पेठेत एका जुन्या वाड्यात पाच-सहा भाडेकरू. लाईटबिल एकाच्या, म्हणजे मालकाच्या नावावर, आणि मालक पुण्यात. पंचनाम्याला आलेल्या माणसानं दारावर एक घर लिहिलं आणि निघाला. त्या घरातली धुणीभांडी करणारी बाई काही बोललीच नाही, आपलं नाव कागदावर येत नाही याची तिला सवय झालेली. मी तिची चूल वेगळी आहे हे दाखवलं, रेशनकार्ड चिखलातून काढून तव्यावर वाळवलेलं होतं ते दाखवलं, पोरांच्या शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता दाखवला. वाद झाला, परत या म्हणाले, परत गेलो. त्या वाड्यातल्या प्रत्येक कुटुंबाचा वेगळा पंचनामा झाला. मी पदावर नव्हते, पण कुठला कागद कुठं लागतो हे पदावर असताना शिकले होते. ते शिकलेलं त्या बाईच्या कामी आलं. मला विचाराल तर माझ्या आयुष्यातलं समाजकार्य म्हणून मी तो तव्यावर वाळवलेला कागद दाखवीन.

फोटो काढून गेलेल्यांवर राग धरू नका. त्यांनी आणलेली चादर तुम्हाला त्या रात्री उपयोगी पडली असेल. फक्त पुढच्या वेळी त्यांना पंचनाम्याच्या दिवशी बोलवा.

प्रश्न : मी शुक्रवार पेठेतली. बचत गट चालवते. पुढच्या निवडणुकीत जागा महिलांसाठी पडली तर मी उभं राहावं असं तालमीतले आणि घरचे म्हणतात. “तू सही तेवढी कर, बाकीचं आम्ही बघतो” असंही म्हणतात. तुम्हीही राखीव जागेवरूनच आलात. मी काय करू?

बाई, उभ्या राहा. सहीपुरत्या राहू नका.

मी कुठून आले ते सांगते. वडील शिवाजी उद्यमनगरात फौंड्रीत कामाला, आई बालवाडीत. लग्न होऊन नदीकाठी आले तेव्हा राजकारणातलं मला काही कळत नव्हतं. बचत गटाच्या वह्या लिहायचे, कारण अक्षर चांगलं. त्या वह्यांमुळं बँकेत जाणं, साहेबांसमोर बसून बोलणं, “नियम दाखवा” म्हणणं हे अंगात आलं. २०१० ला आमचा प्रभाग महिलांसाठी राखीव पडला. तेव्हा महिलांना एक तृतीयांश जागा होत्या, ७४ व्या घटनादुरुस्तीनं मिळालेल्या; राज्यात निम्म्या झाल्या त्या २०११ च्या कायद्यानं. मलाही घरातून तुमच्यासारखंच सांगितलं होतं. सभेची पहिली विषयपत्रिका घरी आली ती दिरांनी उघडली. मी ती त्यांच्या हातातून घेतली, स्वयंपाकघरात बसून शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि न कळलेल्या विषयांवर पेन्सिलनं खुणा केल्या. सकाळी नगरसचिवांच्या कार्यालयात जाऊन एकेक विषय विचारला. दीर पुढं माझे सगळ्यात मोठे मदतनीस झाले, पण पाकीट त्या दिवसानंतर मीच उघडत गेले.

तुम्ही आजपासून हेच करा. महापालिकेचं अंदाजपत्रक मिळवा आणि त्यात फक्त महिला व बालकल्याणाचं पान वाचा. किती ठेवले, किती खर्च झाले. सावित्रीबाई फुले रुग्णालयात बाळंतपणासाठी गेलेल्या तुमच्या गटातल्या बायकांना विचारा, काय मिळालं, काय नाही. घरफाळ्याचं बिल समजून घ्या. जागा इतर मागास प्रवर्गाची किंवा अनुसूचित जातीची पडण्याची शक्यता असेल तर जात वैधतेचे कागद आत्ताच गोळा करा. मुदतीत प्रमाणपत्र न दिल्यामुळं २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कोल्हापुरातल्याच कितीतरी नगरसेवकांवर पद जायची पाळी आली होती. त्यात राबणारी माणसंही होती.

राखीव जागेवरून आलात म्हणून कुणी खाली बघायला लावलं तर त्यांना तारीख सांगा : २६ जुलै १९०२. शाहू महाराजांनी करवीर संस्थानात नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला तो दिवस. त्याच राजानं गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात स्वतः जाऊन चहा घेतला, कारण लोक तिथं चहा प्यायला तयार नव्हते. या गावात राखीव जागेची लाज वाटायचं कारण नाही. त्या खुर्चीवर बसून तुम्ही काय वाचता, काय विचारता, तेवढंच बघितलं जाईल.

आणि तालमीतल्या पोरांना दूर करू नका. महापुरात, आगीत, रात्री-अपरात्री रक्त लागलं तर हीच पोरं धावतात. त्यांच्या हातात काम द्या. निर्णय तुमच्या हातात ठेवा.

प्रश्न : आरोग्य शिबिरं, वह्यावाटप, हळदीकुंकू याला समाजसेवा म्हणायचं का? (एक वाचक, कसबा बावडा)

शिबिरात साखर निघालेल्या माणसाला पुढच्या महिन्यात गोळ्या मिळाल्या का, ते विचारा. मिळाल्या असतील तर म्हणायचं. वह्या जरूर वाटाव्यात, पण ज्या महापालिकेच्या शाळेत त्या वाटल्या तिथलं स्वच्छतागृहही त्याच दिवशी बघावं. हळदीकुंकवाला माझा विरोध नाही. आमच्या भागात रात्रीचे दिवे बंद असल्याची पहिली तक्रार मला हळदीकुंकवातच कळली, कारण बायका तिथं मोकळ्या बोलतात.

तुमच्या बावड्याकडं मात्र माझं एक मागणं आहे. शहराचा कचरा झूम प्रकल्पावर येतो, मैलापाण्यावरचं मोठं शुद्धीकरण केंद्रही तुमच्याकडंच. सगळ्या कोल्हापूरची घाण तुम्ही सोसता. तुमच्या नगरसेवकानं दुसरं काही नाही केलं आणि या दोन ठिकाणी नियमानं जाऊन काय चाललंय ते लोकांना सांगितलं, तरी ती मोठी सेवा होईल.

प्रश्न : पूर्वी ८१ प्रभाग आणि प्रभागाला एक नगरसेवक होता. आता २० प्रभाग आणि आमच्या वाट्याला चार जण. काम सांगायला गेलं की एक दुसऱ्याकडं बोट दाखवतो. आम्ही जवाहरनगरच्या रहिवाशांनी काय करावं?

ही अडचण खरी आहे आणि पुढची पाच वर्षं ती राहणार आहे. प्रभाग मोठा झाला की चावीवाल्याबरोबर पहाटे उभा राहणारा नगरसेवक मिळणं अवघड होतं. पूर्वी माझ्या दारात माणूस चालत येऊ शकायचा. आता रिक्षा करून यायची वेळ.

चौघांना वेगवेगळं भेटू नका. वेगवेगळं भेटलात की चार आश्वासनं मिळतात. एक अर्ज, चौघांची नावं, चौघांच्या पोच सह्या. दुसरं, कायद्यात क्षेत्र सभेची तरतूद आहे. मतदारांनी एकत्र बसायचं, भागातली कामं नगरसेवकासमोर क्रमानं मांडायची. २००९ पासून हे कायद्यात आहे आणि फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. तुम्ही चौघांनाही लेखी मागणी द्या की आमच्या भागाची सभा लावा. एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये, रविवारी सकाळी, बायकांना यायला जमेल अशा वेळी. विषय तीनच ठेवा : पाणी, ड्रेनेज, दिवे. प्रत्येक कामापुढं चौघांपैकी एकाचं नाव आणि महिना लिहून घ्या, आणि तो कागद शाळेच्या फलकावर लावा.

चारपैकी दोघं तरी येतील. जे येणार नाहीत त्यांच्या नावापुढं ‘गैरहजर’ लिहा आणि कागद तसाच लावा. सभेची तारीख ठरली की या मासिकाच्या पत्त्यावर कळवा. मी येते, मागच्या रांगेत बसते, आणि अर्ज कसा लिहायचा ते ज्यांना हवं त्यांना दाखवते.